गेंटहून, दर रविवारी

क्लिओनाला खोकला झालाय हे फिनोलानं सोमवारी सकाळी वाचलं आणि इस्त्रीखालची उशीची खोळ करपवली.

"काय गं, काय लिहिलंय पोरीनं?" बर्नीनं नाक दाबत विचारलं.

"खोकतेय. खोलीतला हीटर बिघडलाय. घरमालकीण म्हणे, स्वेटर घाल."

"तिच्याच डोक्यात घाल म्हणावं तो स्वेटर!"

आयर्लंडमधल्या स्लायगोच्या एका हॉटेलात चादरी धुण्या-इस्त्रीचं काम दोघी करत. बर्नी गेल्या उन्हाळ्यात डब्लिनहून आली होती. फिनोलाच्या फोनवर क्लिओनाचा 'गेंटहून, दर रविवारी' हा ब्लॉग पहिल्यांदा दिसला तेव्हा तिनं विचारलं होतं, ही कोण? फिनोला म्हणाली होती, माझी मुलगी. बेल्जियमला, गेंटला शिकायला गेलीय.

तेव्हापासून सोमवारचा चहा दोघी क्लिओनाच्या संगतीनंच पीत. सायकलसकट कालव्यात पडता पडता वाचलेली क्लिओना. दुकानात लोणी मागायला जाऊन साबण घेऊन आलेली क्लिओना. यान नावाच्या मुलाच्या प्रेमात पडलेली, आणि नाताळच्या आधीच त्यानं सोडून दिलेली. त्या सोमवारी फिनोलाला घास गिळवला नाही.

ब्लॉगखाली ती लिहायची ते 'नोरा' या नावानं.

"स्वतःच्या नावानं लिहायला काय धाड भरलीय तुला?" बर्नी म्हणायची.

"तिच्या मैत्रिणी वाचतात. उगाच कुणी हसायला नको."

बर्नीला ते पटलं. तिला स्वतःला दोन मुलगे होते, आणि बाजारात आई दिसली की ते दुसऱ्या बाजूनं चालत.

खोकल्यावर नोरानं लवंग, लिंबू आणि मधाचा काढा सुचवला. आठवड्यानं उत्तर आलं, "नोराकाकू, खोकला पळाला! तुम्ही नक्की चेटकीण आहात." ते एवढंसं वाक्य वाचता वाचता फिनोलाचा बसथांबा मागे गेला.

एकदा क्लिओनानं लिहिलं, इथं सगळं मिळतं, आईच्या हातचं बटाट्याचं सूप तेवढं मिळत नाही.

"बघ, सूप आठवतंय बाईसाहेबांना!" बर्नीनं कोपरखळी मारली. "मलाही शिकव की कधी."

फिनोला चादरींची चळत उचलून आतल्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

मे महिन्यात एका सोमवारी फक्त दोन ओळी होत्या. पुढचा रविवार शेवटचा. त्यानंतर ब्लॉग काढून टाकतेय, सगळ्यांचे आभार.

फिनोला चादरींच्या गठ्ठ्यावरच बसली.

"अगं, असं काय करतेस? ब्लॉग गेला तर गेला. फोन आहे की."

बर्नीनं इस्त्री बंद केली आणि तिच्याजवळ येऊन बसली. "एक विचारू? भांडण आहे का तुमचं? तिचा एक फोन आलेला पाहिला नाही मी."

"भांडण नाही."

"मग ऊठ. सुट्टी टाक आणि जा. जाऊन उभी राहा तिच्यासमोर. काही झालं तरी आई आहेस तू तिची."

फिनोला जन्मात विमानात बसली नव्हती. तिनं केस कापून घेतले, निळा झगा घेतला, घरी येऊन आरशात पाहिलं आणि पुन्हा जुनाच कोट चढवला. शनिवारी सकाळी क्लिओना गेंटच्या शुक्रवार-बाजार नावाच्या चौकात, कोपऱ्यावरच्या कॅफेत लिहायला बसते, हे तिला पाठ होतं. क्लिओनाची जन्मतारीख आणि दवाखान्याचं नाव तर ब्लॉगच्याही आधीपासून पाठ होतं.

क्लिओना खरंच तिथं होती. फोटोतल्यापेक्षा बारीक. समोर लॅपटॉप, केस पेन्सिलीनं वर खोचलेले. डब्लिनपासून घोकत आणलेलं वाक्य फिनोलाच्या तोंडून काही फुटेना.

"ही खुर्ची... रिकामी आहे का?"

क्लिओनानं वर पाहिलं आणि हसली. "अय्या, तुम्ही आमच्याकडच्या! बोलण्यावरूनच कळलं. बसा ना."

फिनोला बसली. हात टेबलाखाली घट्ट धरून म्हणाली, "मी नोरा. ब्लॉगवरची."

"नोराकाकू?" क्लिओना ताडकन उठली आणि तिनं तिला मिठीच मारली. फिनोलाचे हात क्षणभर अधांतरी राहिले. मग हलकेच त्या पाठीवर टेकले. पाठ हाडकुळी होती, उबदार होती.

"रडताय काय!" क्लिओना हसत म्हणाली. तिनं कॉफी मागवली, वर साखर घातलेला वाफल मागवला, अर्धा मोडून पुढे सरकवला. "खा. तुमच्या काढ्याची फेड."

"ब्लॉग का बंद करतेस गं?" फिनोलानं विचारलं. "छान लिहितेस की."

क्लिओना कप नुसताच फिरवत राहिली.

"आईबाबांनासुद्धा सांगितलं नाहीये हे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही लांबच्या, म्हणून सांगते. तो ब्लॉग मैत्रिणींसाठी नव्हताच. एका बाईसाठी होता. मला जन्म देऊन जिनं आईबाबांच्या ओटीत घातलं, तिच्यासाठी. तिचं नावही ठाऊक नाही मला. म्हणून मुद्दाम स्वतःची जन्मतारीख टाकली, दवाखान्याचं नाव टाकलं. वाटलं, शोधत असेल तर सापडेन. निदान तिला कळेल, मी जेवतेखाते, पडते, हसते." तिनं बाहीनं नाक पुसलं. "वर्ष सरलं. कुणीकुणी वाचलं, ती काही आली नाही. तुम्हीच सांगा नोराकाकू, मी तुमची मुलगी असते, तर तुम्ही आला नसतात का?"