आधी तुम्ही करून दाखवा

काटे ग्लासांवर वाजायला लागले तेव्हा लाइल आपल्या ताटातला तळलेल्या माशाचा कुरकुरीत तुकडा कॉलीनच्या ताटात सरकवत होता. तीस वर्षांच्या संसाराची सवय. मार्चपासून दोघं वेगळी राहत होती, सोमवारी वकिलाकडे घटस्फोटाच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या, तरी हात आपला जुन्या वळणानेच चालला.

"राहू दे रे," कॉलीन हसत म्हणाली. ते हसू टेबलावरच्या मंडळींसाठी होतं.

ठरलंच होतं तसं. त्यांच्या मुलीचं, ब्रिटाचं, लग्न उद्या, शनिवारी. रविवारी पाहुणे पांगले, पोरगी नवऱ्याबरोबर फिरून परत आली, की तिला सांगायचं. तोवर लाइलने भावाची तळ्याकाठची खोली सोडून घरी यायचं, दाढीचं सामान न्हाणीघरात पूर्वीच्या जागी ठेवायचं आणि दोघांनी गोडीगुलाबीने वागायचं. तीन दिवस ते सोंग छान वठलं होतं. खरं तर लाइलला सोंग करावंच लागत नव्हतं. त्याला ती परत हवी होती.

"आमच्या घरचा नियम ऐका!" नवऱ्या मुलाचा, नोलनचा, काका रोमन ग्लास उंचावून उभा राहिला. आजचं जेवण मुलाकडच्यांचं होतं.

ग्लास वाजले की नवरानवरीने एकमेकांचा मुका घ्यायचा, हे तर विस्कॉन्सिन राज्यभर चालतं. पण रोमनच्या घराण्यात फुकट काही मिळत नसे. ज्यांना बघायची हौस आहे त्या जोडप्याने आधी स्वतः उठून करून दाखवायचं, मग नवरानवरीने त्याची हुबेहूब नक्कल करायची.

पहिली जोडी उठली. नवऱ्याने बायकोच्या गालाला ओठ टेकवले न टेकवले आणि दोघं खाली बसली.

"ही पापी झाली!" रोमन ओरडला. "मावशीला देतात ती. नापास!"

दुसरी जोडी तरुण होती. ती एकमेकांना अशी चिकटली की कोणीतरी घड्याळ बघायला लागलं. "याला आताची पोरं काय म्हणतात?" रोमनने विचारलं. "मेक-आउट!" पोरं एका सुरात ओरडली.

"आमच्या वेळी 'पार्किंग' म्हणायचे," नोलनची आजी ब्रँडीचा घोट घेत म्हणाली. "तळ्यावर जायचं, गाडी लावायची. उतरायचं मात्र नाही."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ब्रिटा आणि नोलन दर वेळी उठून नक्कल करत होते. ब्रिटाचं ताट तसंच भरलेलं होतं. ती सारखी आईबापांकडे बघत होती. लग्नाची धास्ती, लाइलला वाटलं.

"आता आमचे व्याहीबुवा आणि विहीणबाई! लाजताय काय? पोरगी काय आकाशातून पडली?" रोमनने हाक दिली.

लाइलने काटा खाली ठेवला. शेवटचा मुका कधी घेतला ते त्याला आठवेना. हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ काढायला तो पहाटे घराबाहेर पडायचा. दारात कॉलीन कॉफीचा थर्मास घेऊन उभी असायची. थर्मास घ्यायचा आणि निघायचं. तिच्या गालाला ओठ लावायला असा किती वेळ लागला असता? आपण गाढव होतो, त्याला वाटलं. पुरे गाढव.

"चल, उरकून टाकू," कॉलीन कुजबुजली.

तो उठला. तिचा चेहरा त्याने दोन्ही हातांत धरला आणि उरकून टाकलं नाही. अगदी सावकाश, जणू पहिल्यांदाच, त्याने तिचे ओठ शोधले. क्षणभराने तिचा हात त्याच्या मानेवर आला आणि तिथेच राहिला. काट्यांचा आवाज थांबला. कुणीतरी नाक शिंकरलं.

"आई, याला काय म्हणायचं?" रोमनने आजीला हळूच विचारलं.

"याला लग्न म्हणतात, बाबा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गदारोळात लाइल खाली बसला आणि तिच्याकडे वाकला.

"कॉलीन, सोमवारी नको जाऊया."

"लाइल."

"तुझा हात माझ्या मानेवर होता. तो खोटा नव्हता."

"पोरगी बघत होती." तिने रुमाल नीट घडी करून ताटाशेजारी ठेवला. "मी वीस वर्षं दारात उभी राहिले रे. आता तिथे कोणी नाहीये."

"एवढा राग आहे?"

"राग असता तर बरं झालं असतं. तेवढंही उरलेलं नाही."

त्याने मान हलवली. तिचं चुकत नव्हतं. कॉलीनने चेहऱ्यावर पुन्हा हसू आणलं, कारण ब्रिटा त्यांच्याकडेच येत होती.

ती दोघांच्या खुर्च्यांमध्ये गुडघ्यांवर बसली आणि दोघांच्या गळ्यात हात टाकले. डोळे ओले होते, पण या आठवड्यात पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"एक सांगते, रागावू नका," ती म्हणाली. "मी हे लग्न मोडणार होते. आज जेवण झाल्यावर नोलनला सांगून निघून जाणार होते. तो फार चांगला आहे गं आई, पण मला त्याच्याबद्दल काही म्हणजे काहीच वाटत नाही. तो जवळ आला की हे कधी संपेल याची मी वाट बघते. कुणाला सांगायचं कळत नव्हतं."

कॉलीनचं हसू ओठांवर तसंच राहिलं.

"आणि मग आत्ता तुम्हाला पाहिलं. तीस वर्षांनी, असं! म्हटलं, हे सुरुवातीला नसतंच कुणाला, हळूहळू येत असणार. तुम्हाला आलं तसं मलाही येईल." ब्रिटाने डोळे पुसले आणि गाडीची किल्ली लाइलच्या हातात ठेवली. "बाबा, माझी भरलेली बॅग गाडीत आहे. तेवढी घरात नेऊन ठेवशील?"