तेरा साते

विजय नगरच्या चौकात गजानन सरांनी मुलाला स्कूटर थांबवायला सांगितली. रिकाम्या हातांनी माफी मागायला जाणं त्यांना बरं दिसेना.

ठेल्यावर संत्र्यांचा मनोरा रचलेला होता. मुकुल तो जरा वेळ बघत राहिला.

"बाबा, नीचे सहा-सहाचा चौकोन आहे. वरपर्यंत पूरी एक्क्याण्णव असतील."

सरांचं डोकं फिरलं. या आकड्याची थट्टा त्यांना सोसत नसे. "तुला काय कळतं त्यातलं?"

मुकुल पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात लेथवर होता. दहावीनंतर तो शिकलाच नाही. तो संत्री निवडू लागला. डाव्या हाताची करंगळी वाकडी असल्यानं त्याला पिशवी नीट धरता येत नव्हती.

अडतीस वर्षांपूर्वी, परदेशीपुऱ्यातल्या शाळेत, सरांनी फळ्यावर शंभरपर्यंतच्या मूळ संख्या लिहिल्या होत्या. दोन, तीन, पाच, कशानंच भाग जात नाही म्हणून एक्क्याण्णवही लिहून टाकली. पाठीमागून आवाज आला, "सर, तेरा साते एक्क्याण्णव." पोरं हसली. सर वळले तर देवयानी उभी. त्यांनी तिच्या हातावर चार पट्ट्या मारल्या आणि स्कॉलरशिपच्या वर्गातून तिचं नाव कापलं.

संध्याकाळी घरी पाढा म्हणून पाहिला आणि आपली चूक त्यांच्या लक्षात आली. तरी दुसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत. मुकुलही त्याच वर्गात होता. पोटच्या पोरासमोर चूक कबूल करायची त्यांना लाज वाटली. पुढे देवयानीनं गणित सोडल्याचं कानावर आलं. इतकी हुशार पोरगी आपण वाया घालवली, हे त्यांना आयुष्यभर खात राहिलं.

देवयानीच्या बिल्डिंगखाली मुकुल म्हणाला, "तुम्ही जा. मी इथंच थांबतो."

पण देवयानीनं गॅलरीतून दोघांनाही वर बोलावलं. तिनं सरांना खुर्ची दिली. मुकुल दाराशीच उभा राहिला.

सर बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "त्या दिवशी तू बरोबर होतीस. चूक माझी होती."

"अहो सर, बसा तर आधी."

"त्या आकड्यानं माझा पिच्छा सोडला नाही गं. एक ते तेराची बेरीज केली, एक्क्याण्णव. एक ते सहाचे वर्ग मिळवले, तरी एक्क्याण्णव. कुठूनही निघालो तरी तुझ्यापाशीच येतो. मला माफ कर."

देवयानी म्हणाली, "सर, तेराचा पाढा मला आजही येत नाही."

"म्हणजे?"

तिनं दाराकडे पाहिलं. "मुकुल, बता दूं क्या?"

"जाऊ दे ना," मुकुल म्हणाला. "बहुत पुरानी बात आहे."

"मी बोललेच नव्हते, सर," देवयानी म्हणाली. "मला चार पट्ट्याच पडणार होत्या. त्याची करंगळी तुम्ही घरी मोडलीत, त्याला आठवडाही झाला नव्हता. म्हणून मी उभी राहिले."