सरळ मालक

१९७८ साली, आई गेल्यानंतर, आमचं घर विकायला निघालं. दादाची बदली झाली होती आणि अण्णांना मागे एकटं ठेवायचं नव्हतं. मी तेव्हा माहेरी आले होते. घेणाऱ्यांनी आधी घर तपासायला इंजिनिअर पाठवला. तो भिंतींवर टकटक करत, नळ सोडून बघत फिरू लागला, आणि अण्णा त्याच्या पुढे पुढे.

"हे कपाट सरकवा, मागे ओल आहे. गच्चीचा कोपरा गळतो. न्हाणीघरात पाणी तुंबतं, तेही लक्षात घ्या."

दादाने कपाळाला हात लावला. "अण्णा, घर विकताय की त्याच्या चहाड्या करताय?"

"बघू दे रे त्यांना नीट. मागाहून फसवलं म्हणायला नको."

सगळं बघून झाल्यावर इंजिनिअर घेणाऱ्यांना म्हणाला, "बेलाशक घ्या. दुरुस्ती किरकोळ आहे, आणि असा सरळ मालक शोधून सापडायचा नाही."

अण्णा जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

त्या लोकांनी ओल काढली, गच्ची नीट केली. आता त्यांची नातवंडं तिथे राहतात. दादा शेवटपर्यंत अण्णांच्या खरेपणाचं कौतुक सांगायचा. त्या रस्त्याने जाताना माझी चाल अजून आपोआप मंदावते. अण्णांनी दादाच्या नव्या, कोरड्या घरात जेमतेम वर्ष काढलं. आई होती तेव्हा आमच्या घराला कुणी नुसतं अंधारं म्हटलं, तरी अण्णा त्या माणसाशी बोलणं टाकायचे.