बांधाखालची वाइन

एमिलच्या वाइनचा पहिलाच घोट घेतला आणि सोलांजची खात्री पटली: मेल्याने आपली माती चोरली!

फ्रान्समधल्या बरगंडीच्या त्या उतारावर तिचा द्राक्षमळा वरचा, ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा. एमिलचा बांधाखालचा, साधा. दर्जा हल्ली प्रयोगशाळेत घडवून मातीत सोडलेल्या जिवाणूंवरून ठरायचा, आणि सोलांजचे जिवाणू दुसऱ्या कुणाकडे नव्हते.

तिला संशय जुनाच होता. रोज सकाळी ती एमिलच्या वेलींमधून पाळतीची फेरी मारायची आणि परतताना बांधावर बूट घासूनघासून धुवायची. त्या भिकार मातीचा कणही तिला आपल्या मळ्यात नको होता.

आज तिच्या तक्रारीवरून आलेल्या निरीक्षकबाईंनी एमिलच्या मळ्यात जिवाणू ओळखणारं यंत्र फिरवलं. पडद्यावर सोलांजचे जिवाणू हिरवे चमकले.

"बघा! चोर आहे हा!" सोलांज कडाडली.

"मी तुझ्या बांधावर पाऊलही टाकलं नाही गं," एमिल म्हणाला.

निरीक्षकबाई पडद्यावरून नजर काढेनात. हिरवे ठिपके ओळींमधल्या पायवाटेवर सर्वांत दाट होते आणि तिथून मुळांकडे पसरले होते.

"मादाम, इकडे येताना बूट धुता ना तुम्ही?"

"येताना?" सोलांज फणकारली. "येताना कशाला धुऊ? माझी माती काय अशीतशी आहे?"