दाराची फट

मार्ला चर्चच्या मागे गाडी लावून दोन गल्ल्या चालत आली, तेव्हा वडिलांच्या दारातली जागा रिकामी होती. त्यांची निळी ओल्ड्समोबील गाडी बाहेर रस्त्यावर उभी होती. वडील, व्हर्न, पायरीवर बसले होते, अंगात कारखान्याचं जाकीट.

"सही केलीत?" तिनं विचारलं. आज सकाळी लॅन्सिंगच्या कारखान्यातून शेवटची ओल्ड्समोबील बाहेर पडली होती. तिच्या बॉनेटखाली कामगारांनी सह्या केल्या होत्या. निवृत्त झालेल्यांनाही आत सोडलं होतं.

"जागाच नव्हती उरली. कोपऱ्यात नुसतं आडनाव लिहिलं. तुझे आजोबाही त्यात आले."

"गर्दी होती?"

"आजोबांच्या वेळी पाळी सुटली की रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागायची. आज मी सरळ चालत आलो."

तिनं हातातलं भांडं पुढे केलं. त्यांनी झाकणाला हात लावला. "कोमट."

"चर्चपासून चालत आणल्यावर कोमटच होणार. अकरा वर्षं तेच खाताय."

अकरा वर्षांपूर्वी तिनं जपानी गाडी घेतली होती. आपण बनवली नाही ती गाडी माझ्या दारात उभी राहणार नाही, एवढंच ते म्हणाले होते. त्या गल्लीत प्रत्येक दाराचा हाच नियम होता.

"आण ते शिवणयंत्र आत," व्हर्न म्हणाले. तिच्या जपानी गाडीला ते हेच नाव ठेवायचे.

हे ऐकायची तिनं अकरा वर्षं वाट पाहिली होती. आज, त्यांची शेवटची गाडी बाहेर पडली त्या दिवशी, ते नको होतं.

"राहू द्या बाबा. पायांना सवय झालीय."

"जागा केलीय. आण."

ती गाडी घेऊन आली. ते हातानं खुणावत राहिले. "अजून. अजून. बस."

ती उतरल्यावर ते तिच्या बाजूच्या दाराशी आले. एकतीस वर्षं कारखान्यात त्यांनी गाड्यांची दारंच बसवली होती. दार आणि शेजारचा पत्रा यांच्यामधल्या फटीत त्यांनी तर्जनीचं नख ठेवलं आणि वरून खालपर्यंत सावकाश नेलं. मग खालून वर. नख कुठेच अडकलं नाही.

"कोण असेल तो," ते म्हणाले, "त्याला काम येतं."

त्यांनी दार उघडलं, लावलं, आवाज ऐकला. मग, कारखान्यात गाडी पुढच्या कामगाराकडे सोडण्याआधी पुसायचे तसा, जाकिटाच्या बाहीनं आपल्या बोटांचा ठसा पुसून टाकला.