बिघडवलेली कृती

सकाळी चोर गळाला लागला. मसाल्याच्या कारखान्याचे संगणक राखणाऱ्या शाल्मलीने त्याच्यासाठी एक फसवा संगणक मांडला होता. त्यात अंदाजाने लिहून मुद्दाम बिघडवलेली मसाल्याची कृती ठेवली होती. दूरवरून शिरलेला चोर ती घेऊन गेला आणि त्याचा पत्ता मागे राहिला. शाल्मली आनंदाने सासूबाईंना सांगायला गेली.

"ती कृती मी कालच तुझ्या त्या संगणकावर दुरुस्त करून ठेवली," अक्कासाहेब म्हणाल्या. "दगडफूल नव्हते, लवंगा चौपट होत्या, आणि वर माझे नाव!"

शाल्मली उसळली. "आई, नऊ वर्षांत मला सांगितली नाहीत ती कृती. आणि चोराला दिलीत?"

"तू घरची, वाट पाहशील," अक्कासाहेब वैतागून म्हणाल्या. "परक्याच्या हाती माझ्या नावाने बेचव मसाला कसा देऊ?"