नाव विचारणारे यंत्र

सव्वासहाला नळाला पाणी आले. नकोशीने दोन हंडे आणि एक कळशी भरली, बंबात चिपाडे सारली आणि अंगणातली रांगोळी रोजच्यापेक्षा थोडी मोठी काढली. घुगऱ्यांसाठी भिजवलेले हरभरे आईने चाळणीत निथळत ठेवले होते. आज बारसे होते. तिच्या भावाच्या, मानसिंगच्या, तिसऱ्या मुलीचे.

“दुपारच्याला येळंवर ये,” दगडाबाई चुलीपुढून म्हणाली. “आत्याबगर नाव कोन ठेवनार? आन् नाव तुजंच ठेवायचं हाय, ध्यानात हाय न्हवं?”

“माजं कशाला, आई?”

“गुण हाय त्या नावाला. तुज्या पाठीवर मानसिंग झाला का न्हाय? मग!”

सव्वीस वर्षे नकोशी या नावाला ‘ओ’ देत आली होती. नवे गुरुजी नाव ऐकून आधी हसत आणि मग गप्प होत. ते गप्प होणे तिला जास्त लागे. माणूस भांडून दमतो. ती भांडण न करताच दमली होती.

नकोशी पायांत चपला सरकवत असताना तिची भावजय प्रतीक्षा बाळाला छातीशी धरून दारापर्यंत आली.

“वन्सं,” ती आतल्या बाजूला पाहत म्हणाली, “कानात सांगताना लई मोठ्यानं नका सांगू.”

कऱ्हाटीहून निघालेली एसटी सुप्याला पोहोचेपर्यंत नकोशी त्या वाक्याचाच विचार करत होती.

सुप्याजवळच्या ज्या शाळेत ती शिकली, तिथेच आता ती लिपिक होती. सोमवारी नवे संगणक यायचे होते आणि त्यांच्यासाठी अडगळीची खोली रिकामी करायची होती. मोडीत काढायच्या वस्तूंची यादी तिच्याकडे होती. बावीस खुर्च्या, एक पृथ्वीगोल, दोन तराजू. सर्वांत शेवटी, जुना संगणक.

तो काढताना केशव सर स्वतः आले. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. शहाऐंशी साली हा संगणक त्यांनीच पुण्याहून एसटीत मांडीवर ठेवून आणला होता. स्वस्तातला होता, म्हणून शाळेला परवडला. संगणक कसला, वहीएवढा कळफलक नुसता. पडदा म्हणून शाळेचा टीव्ही, आणि आतले सगळे साठवायला साधा टेपरेकॉर्डर. तरी मुले चपला बाहेर काढून आत येत. दर खंडेनवमीला शिपाईण साखरबाई त्याला हळदकुंकू वाही. कळांच्या फटींत ते अजून होते.

“यादीत काय लिहिलंस? बंद?” सरांनी विचारले. “थांब. नाडी बघितल्याशिवाय दाखला देऊ नये.”

त्यांनी वायरी जोडल्या आणि कॅसेट सुरू केली. खोलीभर ती ओळखीची कर्कश किरकिर घुमली.

“अगं बाई,” साखरबाई झाडू घेऊन दारात थबकली, “अजून रडतंयच का ह्ये!”

पाच मिनिटांनी किरकिर थांबली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत प्रश्न उमटला: तुझे नाव काय?

नकोशी आठवीत होती तेव्हा. मधल्या सुट्टीत खोलीत कोणी नव्हते. यंत्र सुरू होते आणि हाच प्रश्न पडद्यावर होता. तोवर ज्यांनी ज्यांनी तिला नाव विचारले, त्यांना ते आधीच ठाऊक असे किंवा ऐकल्यावर कीव येई. या यंत्राला खरेच काही माहीत नव्हते. आदल्या आठवड्यात एसटीत पुण्याची एक बाई आपल्या मुलीला सारखी हाक मारत होती. खिडकीतून हात बाहेर काढू नको म्हणून, पाणी पी म्हणून, आणि काही कारण नसतानाही. ते नाव नकोशीने एकेक अक्षर शोधत, एका बोटाने उमटवले. मग पाढ्यांची वीस गणिते सोडवली. बाहेर पावले वाजली तशी ती पळाली.

“हे बघ,” म्हणत सरांनी एक कळ दाबली. सर्वाधिक गुणांची यादी आली. पहिल्या ओळीत स्वराली, वीस.

“यादी मीच कॅसेटवर उतरवून ठेवली. पण ही कोण, मला तेरा वर्षांत कळलं नाही. सगळे पट पाहिले. या नावाची मुलगी शाळेत कधी नव्हतीच.”

“मग पुसलं का नाही, सर?”

“वीसपैकी वीस आहेत. नसलेली मुलगी वीस कसे आणेल?”

नकोशी पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने यादीतला ‘बंद’ हा शब्द खोडून ‘चालू’ लिहिले, सरांची सही घेतली आणि अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टेबलावर ठेवला.

तीन वाजता पाळण्याभोवती बायका दाटल्या होत्या. प्रतीक्षा भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळे मिटून घेतले होते. नकोशी वाकली. बाळाच्या कानाशी तळहाताचा आडोसा करून तिने ‘कुर्रर्र’ केले आणि नाव सांगितले. रीतीप्रमाणे पाठीत धपाटे बसले.

“आता मोठ्यानं!” दगडाबाई म्हणाली.

“स्वराली.”

धपाटे थांबले. प्रतीक्षाने डोळे उघडले.

“ह्ये गं कुनाचं नाव?” दगडाबाईने विचारले.

“माजं,” नकोशी म्हणाली, आणि तिने पाळण्याला झोका दिला.